बाळंतकळा सोसताना : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये बाळंतकळांविषयीची पत्रे इतकी होती की, इतर सर्व विषय पुढच्या अंकासाठी ठेवून हे सदर मी त्यांनाच देत आहे. काही पत्रे दीर्घ असल्याने त्यांतला मुख्य प्रश्न तेवढा येथे घेतला आहे.

प्रश्न : मला आठवा महिना लागला आहे आणि ही पहिलीच खेप आहे. मोठी बहीण म्हणते, त्या दुखण्याची कल्पनासुद्धा करता येत नाही. मैत्रीण म्हणते, श्वास नीट घेतला की काही वाटत नाही. मला साधी दाढ दुखली तरी सोसवत नाही. यातले खरे काय मानायचे? रात्र रात्र झोप लागत नाही.

उत्तर : तुमची बहीण आणि मैत्रीण, दोघीही आपापल्या बाळंतपणाविषयी खरेच सांगत असतील, पण त्यांतले कोणतेच बाळंतपण तुमचे नव्हे. कळा दुखतात आणि बहुतेकींना फार दुखतात, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही, कारण ‘काही वाटत नाही’ असे ऐकून आलेली पहिलटकरीण पहिल्या जोरदार कळेलाच घाबरते आणि आपल्या शरीरात काहीतरी बिघडले आहे असे समजते. मात्र हे दुखणे दाढेच्या दुखण्यासारखे नसते. दाढ सलग ठणकत राहते; कळ मात्र येते, चढते, टोकाला पोहोचते आणि ओसरते. गर्भाशय हा एक मोठा स्नायू आहे. तो आवळला जातो तेव्हा त्याचे तोंड थोडे थोडे वर ओढले जाऊन पातळ होते व उघडते, आणि तो सैल पडला की दुखणेही थांबते. ऐन भरात कळ साधारण एक मिनिट टिकते आणि त्यातले सर्वांत कठीण असे मधले काही क्षणच असतात. दर तीन मिनिटांनी एक मिनिटाची कळ येत असेल, तर तासाभरात वीस मिनिटे दुखण्याची आणि चाळीस मिनिटे विसाव्याची होतात. ज्या स्त्रिया कळा चांगल्या निभावून नेतात, त्या बहुधा ही चाळीस मिनिटे वाया जाऊ देत नाहीत, असे मी इतक्या वर्षांत पाहत आले आहे.

वाया जाणे म्हणजे काय, तेही सांगते. कळ ओसरलेली असते, पण खांदे कानांपर्यंत चढलेले, दात आवळलेले आणि मुठी घट्ट मिटलेल्या असतात, आणि मन पुढच्या कळेची धास्ती घेऊन बसलेले असते. अशा वेळी शरीरात अ‍ॅड्रेनालिन हे भीतीच्या वेळचे संप्रेरक वाढते, स्नायू ताठ राहतात आणि पुढची कळ अधिक बोचते. ग्रँटली डिक-रीड या ब्रिटिश डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भीती, ताण आणि वेदना यांचे हे चक्र मांडले. त्यांची सगळीच मते आज टिकलेली नाहीत. दुखते ते केवळ भीतीमुळे, असे तर मुळीच नाही. पण भीतीने दुखणे वाढते, हे मात्र खाटेजवळ उभे राहिले की दिसते. म्हणून प्रत्येक कळ ओसरताना एक लांब उच्छ्वास सोडा, खांदे खाली येऊ द्या, जबडा सैल करा, मुठी उघडा. जबडा सैल पडला की ओटीपोटाखालचे स्नायूही सैल करणे सोपे जाते.

याचा सराव आतापासून करता येईल. बर्फाचा एक खडा एक मिनिट तळहातावर धरा. पहिल्या वेळी मूठ आवळून, श्वास रोखून धरा. थोड्या वेळाने दुसऱ्या हातावर धरताना श्वास संथ ठेवा आणि उच्छ्वास आत घेतलेल्या श्वासापेक्षा लांब सोडा. बर्फ तेवढाच गार असतो, पण दुसरे मिनिट वेगळे जाते. दिवसातून दोनदा हे केलेत, तर ऐन वेळी शरीराला ते नवे वाटणार नाही.

पलंगावर उताणे पडून राहणे मात्र शक्य तितके टाळा. उभे राहणे, चालणे, भिंतीला किंवा सोबतच्या माणसाच्या गळ्याला टेकून झुलणे, गुडघे व हात टेकून ओणवे होणे, यांपैकी जे बरे वाटेल ते करा. उभ्या किंवा चालत्या स्त्रियांमध्ये प्रसूतीचा पहिला टप्पा, म्हणजे गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडेपर्यंतचा काळ, काहीसा लवकर पुरा होतो, असे अभ्यासांत आढळले आहे. बाळाचे डोके पाठीकडे दाबत असेल आणि सगळी कळ कमरेतच येत असेल, तर ओणवे होण्याने विशेष आराम पडतो. कोमट पाण्याखाली बसणे, कमरेला गरम पिशवी लावणे, पाठ चोळून घेणे यांचा उपयोग होतो आणि त्याला आधारही आहे : मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार स्पर्श व दाब यांच्या संवेदना मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात. लागलेल्या जागी आपण नकळत हात चोळतो, ते याचमुळे.

सुरुवातीच्या तासांत मात्र फार शूरपणा दाखवू नका. गर्भाशयाचे तोंड साधारण ५ सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ पहिलटकरणीत बराच लांबू शकतो, कधी दिवसभरही, आणि त्यातच सगळी ताकद संपवून बसलेल्या स्त्रीला पुढचे जड जाते. या काळात हलके खा, पाणी प्या, झोप येत असेल तर झोपा. सारे काही सुरळीत असेल, तर कळा सुमारे दर पाच मिनिटांनी, प्रत्येकी मिनिटभर, अशा तासभर येत राहिल्या की निघावे. घर दूर असेल किंवा डॉक्टरांनी काही जोखीम सांगितली असेल, तर त्याआधीच. पाणी जाऊ लागले तर प्रसूतिगृहाला लगेच कळवा. रक्त जाणे, पाण्याचा रंग हिरवट असणे, बाळाची हालचाल कमी होणे, ताप, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, किंवा पोट मध्ये सैलच न पडता सलग दुखत राहणे, यांपैकी काहीही झाले तर कळा मोजत न बसता ताबडतोब जावे. दोन कळांमध्ये विसावाच मिळत नसेल, तर ते दुखणे सोसायचे नसते, दाखवायचे असते.

प्रश्न : आमच्या प्रसूतिगृहात एपिड्युरलची, म्हणजे कमरेत सुई देऊन कळांचे दुखणे बधिर करण्याची, सोय आहे. घरातल्या वडीलधाऱ्या म्हणतात की, कण्यात सुई घेतली की जन्माची पाठ धरते आणि शेवटी सिझेरियनच होते. शिवाय मलाही आतून वाटते की औषध घेतले म्हणजे मी कमी पडले. काय करावे?

उत्तर : शेवटचे वाक्य मी आधी घेते, कारण माझ्या मते खरा अडसर तोच आहे. प्रसूतीत भूल वापरण्याचा प्रयोग एडिंबरा येथे डॉक्टर जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८४७ मध्ये केला, तेव्हाही त्यांना याच आक्षेपाला तोंड द्यावे लागले की, ही वेदना स्त्रीने सोसलीच पाहिजे. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने आपल्या आठव्या बाळंतपणात डॉक्टर जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतला आणि तो आक्षेप पुष्कळसा मवाळ झाला. क्लोरोफॉर्म केव्हाच मागे पडला, पण ‘सोसलीच पाहिजे’ हा सूर अजून घराघरांत ऐकू येतो. हाड मोडलेल्या माणसाला भूल देताना त्याच्या धैर्याची परीक्षा कोणी घेत नाही. कळा औषधाविना निभावणे ज्यांना हवे आहे, त्यांना मी मनापासून साथ देते. ज्यांना ते नको आहे, त्या आई म्हणून तसूभरही उण्या नाहीत.

आता सुईविषयी. ती कमरेत, मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्या खालच्या भागात, त्याभोवतीच्या आवरणाबाहेर घातली जाते. तिच्यातून केसासारखी बारीक नळी आत सोडून सुई काढून घेतात. तुम्हाला पाठ बाकदार करून बसवतात किंवा कुशीवर निजवतात आणि काही मिनिटे अजिबात हलायचे नसते. मध्येच कळ आली तर? तर ‘कळ येते आहे’ एवढेच म्हणा. भूलतज्ज्ञ हात थांबवतात, ती ओसरू देतात आणि मग पुढे जातात. औषधाचा पुरता अंमल बसायला साधारण वीस मिनिटे लागतात. तुम्ही शुद्धीवर असता, बोलता, बाळाचे पहिले रडणे ऐकता.

सुईच्या जागी काही दिवस हुळहुळते. कायमच्या पाठदुखीशी एपिड्युरलचा संबंध अभ्यासांत आढळलेला नाही. बाळंतपणानंतर पाठ अनेकींची दुखते, सुई न घेतलेल्यांचीही, आणि दोष सुईवर जातो. सिझेरियनचे प्रमाणही त्याने वाढत नाही. मात्र दुसरा टप्पा, म्हणजे तोंड १० सेंटिमीटर उघडल्यानंतर जोर लावून बाळ बाहेर येण्याचा काळ, काहीसा लांबतो, आणि जुन्या जास्त मात्रेच्या पद्धतीत बाळाला ओढून घेण्यासाठी चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्याची वेळ अधिक येई. आताच्या कमी मात्रेने तो फरक बराच कमी झाला आहे. रक्तदाब उतरणे, खाज, थंडी वाजणे, ताप, पाय जड होणे, लघवीसाठी नळी लागणे हे होऊ शकते. सुमारे शंभरातल्या एकीला नंतर तीव्र डोकेदुखी होते, ती उठून बसल्यावर वाढते आणि तिच्यावर उपचार आहेत. काही जणींच्या बाबतीत औषध एकाच बाजूला लागते किंवा पुरेसे लागत नाही आणि नळी पुन्हा बसवावी लागते. हे आधी माहीत असले म्हणजे ऐन वेळी धक्का बसत नाही. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, प्लेटलेट्स फार कमी असतील किंवा कमरेवर जंतुसंसर्ग असेल, तर एपिड्युरल देता येत नाही. आणि ‘तोंड अजून चार बोटे उघडले नाही, थांबा’ असे सांगून सुई पुढे ढकलण्याचे कारण आता उरलेले नाही. कळा नीट सुरू असतील आणि तुम्हाला हवी असेल तर तेवढे पुरे.

एपिड्युरलखेरीज दोन साधने आहेत. नायट्रस ऑक्साइड व प्राणवायू यांचे निम्मे-निम्मे मिश्रण मास्कमधून स्वतः ओढायचे असते. ते दुखणे पुरते घालवत नाही, पण त्याची धार बोथट करते. त्याचा असर व्हायला अर्धे मिनिट किंवा जरा जास्त लागते, म्हणून कळ चढल्यावर नव्हे, तिची पहिली चाहूल लागताच श्वास घ्यायला लागावे. पेथिडीनसारख्या वेदनाशामक इंजेक्शनाने ग्लानी येते, मळमळते, आणि जन्माच्या थोडेच आधी दिले असल्यास बाळाचा श्वास मंदावू शकतो. म्हणून ते केव्हा द्यायचे याचा विचार डॉक्टरांना करावा लागतो.

प्रश्न : कळांच्या वेळी ओरडले तर चालते का? शेजारच्या खाटेवरच्यांना त्रास होईल, याचीच मला लाज वाटते.

उत्तर : चालते. एवढेच पाहा की आवाज उंच किंचाळीचा न होता खालच्या पट्टीतला, हुंकारासारखा निघेल. किंचाळताना गळा आणि सारे अंग आवळले जाते; घोगरे, लांब कण्हणे हा खरे तर आवाजासह सोडलेला उच्छ्वासच असतो. शेजारच्या खाटेवरची स्त्रीही त्याच वाटेवर आहे, तिला कळते.

प्रश्न : पत्नीबरोबर मला प्रसूतिकक्षात राहू देणार आहेत. तिला त्रास होताना नुसते पाहत उभे राहणे मला जमणार नाही असे वाटते. मी नेमके काय करायचे?

उत्तर : नुसते उभे राहणे हेसुद्धा तुम्हाला वाटते तितके कमी नाही. सतत कोणीतरी सोबत असलेल्या स्त्रियांना वेदनाशामके कमी लागतात आणि त्यांची बाळंतपणे अधिक प्रमाणात नैसर्गिक होतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसले आहे. तरी हातांना काम हवे असेल, तर हे करा. कळ चढू लागली की तळहाताची टाच तिच्या माकडहाडाच्या थोडी वर ठेवा आणि सरळ, स्थिर दाब द्या. चोळू नका, दाबून धरा. किती दाबायचे ते तिलाच विचारा, पण कळ नसताना विचारा. बहुतेक पुरुष भीतभीत दाबतात आणि ‘अजून जोरात’ असे ऐकतात. कळ टोकाला असताना प्रश्न विचारू नका, सूचना देऊ नका; ‘उतरते आहे’ एवढेच हळू आवाजात म्हणा. मधल्या विसाव्यात एक घोट पाणी, कपाळाला ओला रुमाल, दर तासाला लघवीची आठवण, कारण भरलेले मूत्राशय बाळाच्या वाटेत येते.

तोंड आठ-नऊ सेंटिमीटर उघडलेले असताना अशी एक वेळ येते की, आतापर्यंत शांत असलेली स्त्री थरथरते, ओकते, तुमचा हात झिडकारते आणि म्हणते, ‘माझ्याच्याने नाही होणार, मला घरी जायचे आहे.’ तेव्हा तुम्ही घाबराल. त्या वेळी तिला समजावू नका आणि हात झिडकारल्याचे मनाला लावून घेऊ नका. बहुधा हा पहिल्या टप्प्याचा शेवट असतो. मात्र तिने शांतपणे, दोन कळांच्या मध्ये भूल मागितली, तर ‘थोडीच राहिली, कळ काढ’ असे म्हणून तिची मागणी परतवू नका, परिचारिकेला बोलवा. आणि स्वतः पोटभर खाऊन जा. उपाशीपोटी उभे राहून चक्कर आलेले सोबती मी अनेक पाहिले आहेत.

प्रश्न : चार वर्षांपूर्वीच्या बाळंतपणात मी ओरडले म्हणून मला रागावले, बराच वेळ एकटी ठेवले आणि टाके घालताना मला सगळे कळत होते. आता पुन्हा दिवस राहिले आहेत आणि प्रसूतिगृहाचा वास आठवला तरी हात गार पडतात.

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुमच्या बाबतीत जे झाले ते चूक होते, आणि ती चूक तुमची नव्हती. टाके घालण्यापूर्वी ती जागा बधिर करायची असते. तुम्हाला कळते आहे असे म्हटल्यावर हात थांबवून आणखी औषध द्यायचे असते. स्त्रीला सन्मानाने वागवावे, तिच्या पसंतीचे माणूस तिच्याजवळ असू द्यावे आणि तिने मागितल्यास वेदनाशमन द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत स्पष्ट लिहिलेले आहे, म्हणजे तुम्ही काही जगावेगळे मागत नाही.

दुसऱ्या खेपेचे बाळंतपण बहुधा पहिल्यापेक्षा लवकर आटोपते, पण केवळ तेवढ्यावर मी तुमची समजूत घालणार नाही. त्या प्रसंगाची चित्रे अचानक डोळ्यांपुढे येत असतील, त्याची स्वप्ने पडत असतील किंवा तपासणीच टाळावीशी वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना आताच भेटा. यावर चांगले उपचार आहेत आणि तुमच्याकडे अजून काही महिने आहेत. या वेळच्या डॉक्टरांना पहिल्या बाळंतपणाची हकिगत पुढच्याच भेटीत सांगा, एकटीने सांगवत नसेल तर कोणाला बरोबर न्या, आणि त्या ऐकून कशा घेतात ते पाहा. ऐकून न घेता विषय बदलला, तर जमत असल्यास दुसरे डॉक्टर पाहण्यात काहीच गैर नाही. प्रसूतिकक्ष आधी एकदा, दिवसा, कळा नसताना पाहून या. खाट कोठे, दार कोठे, सोबतीचे माणूस कोठे बसेल, हे डोळ्यांखालून गेले की जागा अनोळखी राहत नाही.

मग अर्धे पान लिहून काढा आणि त्याची एक प्रत केसपेपरला लावायला सांगा. त्यात फार काही नको : माझ्याजवळ अमुक व्यक्ती सतत राहील, मला एकटी ठेवू नये, मी मागितल्यास एपिड्युरल किंवा असेल ते औषध द्यावे, टाक्यांपूर्वी भूल दिल्यावर ती लागली का, हे मला विचारावे. आणि अगदी वर, पहिल्या ओळीत, हे लिहा : तपासणीसाठी हात लावण्यापूर्वी मला सांगावे, आणि कळ चालू असेल तर ती ओसरेपर्यंत थांबावे.