शिक्षा झालेला आरोपी पॅरोलवर सुटणार असेल तर पीडिताला कळवतात का?

तुमचा प्रश्न असा: बहिणीवर कोयत्याने वार करणारा सात वर्षांची शिक्षा भोगतोय, भावाच्या लग्नासाठी पॅरोलवर येणार अशी गावात चर्चा आहे, तर तुरुंगातून तुम्हाला आधी कळवतील का?

कळवतील या भरवशावर राहू नका. मी जिल्हा कोर्टात फौजदारी कामं चालवतो. निकाल लागला की सगळ्यांच्या लेखी फाइल बंद होते, आणि फिर्यादीला आरोपी थेट एसटी स्टँडवर दिसतो.

कायद्यात अगदीच काही नाही असं नाही. ॲट्रॉसिटीचं कलम लागलं असेल तर त्याच कायद्याच्या १५अ प्रमाणे जामीन, पॅरोल, सुटका या टप्प्यांवर पीडिताला म्हणणं मांडायचा हक्क आहे. बाकी गुन्ह्यांत हात आखडता. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ९० दिवसांत प्रगती कळवायची तरतूद आहे, पण ती तपासाची. पॅरोलसारख्या रजेवर सुटणाऱ्या कैद्याबद्दल नाही. अमेरिकेत केंटकी राज्यात १९९३ साली एका तरुणीचा खून झाला. मारणारा जामिनावर सुटलाय हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यानंतर तिथे कैदी सुटताच पीडिताला फोन जाईल अशी यंत्रणा उभी राहिली. आपल्याकडे तोवर स्वतःच हातपाय हलवायचे.

खरी जागा आहे पोलीस अहवालाची. कैद्याने रजा मागितली की तो जिथे राहणार त्या हद्दीच्या पोलीस ठाण्याकडून अहवाल मागवला जातो. हवालदार जामीन राहणाऱ्या नातेवाइकाचा जबाब घेतो; तुमच्या दारात येईलच असं नाही. म्हणून त्याच्या अर्जाची वाट न बघता आजच लेखी हरकत द्या: तुरुंग अधीक्षकांना, तुमच्या ठाण्याला, आणि त्याचं गाव वेगळ्या हद्दीत असेल तर त्या ठाण्यालाही. खटल्याचा क्रमांक, निकालाची तारीख, बहिणीचा सध्याचा पत्ता नको पण तुमचा मोबाइल नंबर, आणि पूर्वी धमकी आली असेल तर ती कधी, कोणासमोर, हे लिहा. ‘भीती वाटते’ एवढ्यावर कोणी हलत नाही. संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) दोन्हींचा उल्लेख करा, नाहीतर एकीला हरकत आणि माणूस दुसरीवर बाहेर. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.

आणि लोक विसरतात ते अपील. हायकोर्टात शिक्षेला स्थगिती मिळून तो जामिनावर सुटू शकतो, त्यात रजेचा काही संबंध येत नाही. ई-कोर्ट्स या कोर्टाच्या वेबसाइटवर त्याचं नाव टाकून अधूनमधून बघा.

मुदतपूर्व सुटकेचंही तसंच. २००२ च्या गुजरात दंगलीतल्या बिल्किस बानो प्रकरणातले जन्मठेप झालेले ११ जण १५ ऑगस्ट २०२२ ला गोध्रा तुरुंगातून सुटले. खटला मुंबईत चालला होता, त्यामुळे तो निर्णय गुजरातचा नव्हे, महाराष्ट्र सरकारचा होता, असं सांगत सुप्रीम कोर्टाने ८ जानेवारी २०२४ ला ती सुटका रद्द केली. म्हणजे सुटल्यावरही भांडता येतं, पण वकील लागतो. तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळेल. महिलेला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, तेव्हा अर्ज बहिणीच्या नावाने करा.