दीड स्पीडवर प्रवचन

'ताई, मी वसईची, वय 41, चर्चगेटला बँकेत आहे. सकाळी लोकलमध्ये रोझरीची जपमाळ, येताना प्रवचनं, बुधवारी प्रार्थनागट, रविवारी क्वायर. सगळे सांगतात, देवाने प्रत्येकाला काहीतरी खास दिलंय, ते शोध. बेकिंग झालं, झुंबा झाला, कॅलिग्राफी झाली. देव काही बोलत नाही आणि माझी पॅशन काही सापडत नाही. माझं काय चुकतंय?'

प्रिय वसईकर,

तुझं चार पानी पत्र वाचताना मलाच धाप लागली. रोझरी चौथ्या सीटवर, अर्धं अंग बाहेर ठेवून. प्रवचनं 'दीड स्पीडवर, म्हणजे बोरिवलीपर्यंत दोन होतात'. हे तू किती सहज लिहून गेलीस! अगं, उत्तर यायच्या आत तू नायगावला दाराशी जाऊन उभी राहतेस, देवाने बोलायचं कधी?

झोपायला साडेअकरा, उठायला साडेचार, असं लिहिलंयस. आधी ते सुधार. बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट तुला पाठ असेल. डोंगरावर वारा, भूकंप, अग्नी, आणि मग देवाचा तो मंद स्वर. प्रवचनात सगळे तिथेच थांबतात. त्याच्या आधीचा भाग मला जास्त आवडतो. थकलेला एलीया झाडाखाली मरण मागत पडलाय. देवदूत येतो, तो उपदेश करत नाही. ऊठ, खा, म्हणतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. मग दुसऱ्यांदा तेच. डोंगर आणि तो स्वर त्यानंतर, चाळीस दिवसांनी.

आता पॅशन. या शब्दाने अलीकडे लोकांना नसता ताप दिलाय. नोकरी, घर, मुलं सांभाळून वर आणखी एक गृहपाठ. तू तो इमानेइतबारे करतेस, फी भरून.

संत इग्नेशियस लोयोलाने असा कुठलाच क्लास लावला नव्हता. लढवय्या, दरबारी थाटाचा माणूस. 1521 मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय फोडला आणि महिनोन्महिने घरात पडून राहावं लागलं. वाचायला शूरवीरांच्या कथा मागितल्या, तर घरात सापडलं ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा. मग पडल्या पडल्या तो मनोराज्यं करी. कधी एका थोर घरातल्या बाईसाठी पराक्रम गाजवायचे, कधी संतांसारखं जगायचं. रंगवताना दोन्ही सारखीच गोड लागत, फरक पडे तो नंतर. पहिल्यानंतर मन कोरडं होई, दुसऱ्यानंतर बराच वेळ प्रसन्न राही. बस, एवढंच त्याच्या ध्यानात आलं, तेही धड उठता येत नव्हतं म्हणून. आणि म्हणून लगेच सगळं मार्गी लागलं असंही नाही. तिशी उलटल्यावर बार्सिलोनात हा माणूस पोरांबरोबर बसून लॅटिन शिकला. त्याने उभारलेल्या येशूसंघाला, म्हणजे जेझुइट धर्मसंघाला, पोपची मान्यता मिळाली ती 1540 मध्ये.

तुझ्या तिसऱ्या पानावर कंसात एक वाक्य आहे. आतेबहिणीच्या मुलीच्या लग्नात, आदल्या रात्री म्हाताऱ्या बायका कादोडीत, आपल्या वसईच्या बोलीत, गाणी म्हणत होत्या, तू मोबाइलवर शब्द उतरवत बसलीस, दोन कधी वाजले कळलं नाही, आणि सकाळी चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेला आवाजच फुटेना. तू हे तक्रार म्हणून लिहिलंयस. बेकिंगवर दहा ओळी आहेत, त्यात फी आहे आणि ओव्हनची किंमत आहे. इथे मात्र कुठली बाई कुठल्या ओळीवर अडली आणि दुसरीने ती कशी जोडून दिली, हे आहे. मी एवढंच दाखवते. हाच देवाचा आवाज, असा शिक्का मारायचा अधिकार मला नाही.

रात्री दिवा मालवण्याआधी दहा मिनिटं काढ. काही मागायचं नाही. दिवस सकाळपासून परत डोळ्यांसमोरून जाऊ दे. कुठे जिवात जीव आला, कुठे कोरडी पडलीस? दोन ओळी लिही आणि झोप. इग्नेशियसच्या शिष्यांची ही रोजची सवय आहे. महिनाभर निष्कर्ष काढू नकोस. एखाद्या रात्री काहीच आठवलं नाही तर कोरं पान ठेव, दुसऱ्या दिवशी भरपाई करत बसू नकोस. तो तुझा स्वभाव आहे म्हणून आधीच सांगते.

बँक सोडायचा विचार तूर्त बाजूला ठेव. घराचे हप्ते चालू आहेत, आणि आधी घेतलेला निर्णय मन खचलेलं असताना बदलू नये, असं इग्नेशियसनेही बजावलंय. गाणी पगार देणार नाहीत. न देऊ देत.

क्वायर किंवा प्रार्थनागट, दोन्हींपैकी एक या महिन्यात सोड. फादर काय म्हणतील, ही तुझी धास्ती कळते. म्हणू देत. तुझ्या जागेवर उभ्या राहायला चारजणी तयार असतील.

वांद्र्याला येशूसंघीयांचं रिट्रीट हाउस आहे. मौनातली साधना तिथे होते, सोबत मार्गदर्शकही असतात. आठ दिवसांची रजा निघत नसेल तर छोट्या मुक्कामाची चौकशी कर. इअरफोन मात्र घरीच ठेवून जा.

तुझी,
ताई