अपडेट केलं आणि ऑडिओ फिल्टर अडले: तुमचे प्रश्न

एफएफएमपेग (कमांडने ऑडिओ-व्हिडिओ बदलायचं टूल) अपडेट केल्यावर ऑडिओ फिल्टर एरर देतायत, अशा तक्रारी खूप आल्यात, त्यातले काही प्रश्न घेतो. आधी एक कळकळीची विनंती, एरर पाठवताना फक्त शेवटची 'कन्व्हर्जन फेल्ड' ही ओळ पाठवू नका, तिच्यातून काहीच कळत नाही. खरं कारण वरती असतं, जिथे पहिल्यांदा तक्रार सुरू होते तिथे. आणि कमांड इथे देवनागरीत देतोय, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाका.

प्रश्न: मुलाखतींचा माइक फक्त डाव्या चॅनलवर असतो. मॅप_चॅनल वापरून तोच आवाज दोन्हीकडे घ्यायचो. आता 'अनरेकग्नाइज्ड ऑप्शन' येतंय, स्क्रिप्टला तर हातही लावलेला नाही.

स्क्रिप्ट बरोबरच आहे, तो ऑप्शनच गेला. एप्रिल 2024 मध्ये 7.0 व्हर्जन आलं त्यात मॅप_चॅनल काढून टाकलाय. त्याच्या आधी वॉर्निंग येत होती, पण स्क्रिप्ट रात्री आपोआप चालत असेल तर ती वाचणार कोण. आता हे काम पॅन फिल्टरने करायचं:

डॅश एएफ "पॅन=स्टिरिओ|सी0=सी0|सी1=सी0"

मोजणी शून्यापासून आहे, बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे आउटपुटचा चॅनल आणि उजवीकडे इनपुटचा, म्हणजे दोन्ही बाजूंना पहिलाच चॅनल जातो. दोन माणसं दोन चॅनलवर असतील आणि दोघांना एकत्र मोनोत आणायचं असेल तर "पॅन=मोनो|सी0=0.5*सी0+0.5*सी1" करा.

यातले कोट्स मात्र विसरू नका, इथे भलेभले अडकतात. कोट्स नसले की शेल (टर्मिनलमध्ये कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) त्या उभ्या रेघेला पाइप, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारं चिन्ह, समजतं आणि कमांडचे तीन तुकडे करतं. मग एफएफएमपेग ओरडतं की आउटपुट फाइलच दिलेली नाही, आणि सी1=सी0 च्या पुढे तुमच्या आउटपुट फाइलचं नाव उरलेलं असतं ना, शेल तेच कमांड म्हणून चालवायला जातं आणि 'कमांड नॉट फाउंड' म्हणतं. फाइलच्या नावापुढे असा एरर दिसला तर फिल्टरमध्ये काही शोधत बसू नका, आधी कोट्स बघा.

प्रश्न: लाउडनॉर्म लावल्यापासून वेव्ह फाइल चौपट मोठी होतेय. नवीन व्हर्जनचा बग आहे का?

बग नाही. लाउडनॉर्म हा आवाजाची पातळी ठरावीक ठिकाणी आणणारा फिल्टर, तो डायनॅमिक मोडमध्ये (गेन सतत बदलत) असताना ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं खरं शिखर, नीट पकडता यावा म्हणून आवाज 192 किलोहर्ट्झवर नेतो आणि तसाच पुढे सोडतो. तुमचा मूळ आवाज 48 चा असणार, म्हणून चौपट. एएसी या कॉम्प्रेस्ड फॉरमॅटमध्ये केलंत तर 96 वर थांबतं कारण त्या एन्कोडरची मर्यादाच तेवढी आहे, पण ते 96 सुद्धा बऱ्याच प्लेयरला झेपत नाही. आउटपुट फाइलच्या आधी डॅश एआर 48000 (आउटपुटचा सॅम्पल रेट) लिहा, प्रश्न मिटला.

लाउडनॉर्म दोन पासमध्ये, म्हणजे आधी मोजून मग लावून, चालवणाऱ्यांसाठी थोडं जास्त सांगतो. पहिल्या पासमध्ये मोजलेले आकडे दुसऱ्या पासला दिले की लिनियर मोड मिळतो, सगळ्या फाइलला एकसारखा गेन लागतो आणि सॅम्पल रेटही बदलत नाही. पण तुम्ही मागितलेली लाउडनेस रेंज मूळ फाइलच्या रेंजपेक्षा कमी असली, किंवा आवाज वाढवल्यावर पीक मर्यादेच्या वर जात असला, तर फिल्टर आपणहून डायनॅमिकवर येतो. ही रेंज, म्हणजे एलआरए, तुम्ही दिलीच नाही तर ते 7 धरलं जातं, आणि गाण्यांच्या किंवा नाटकाच्या रेकॉर्डिंगची रेंज सहज त्याच्यावर जाते. म्हणून दोन पास करा नाहीतर एक, एआर लिहायची सवय ठेवाच.

प्रश्न: 'नो सच फिल्टर: रबरबँड'. काल चालत होतं!

फिल्टर काढलेला नाही, तुमच्या नव्या बिल्डमध्ये (एफएफएमपेगच्या तयार प्रतीत) तो घातलेला नाही. वेग किंवा पट्टी बदलणारा रबरबँड बाहेरच्या लायब्ररीवर चालतो, बिल्ड करणाऱ्याने ती घेतली तरच मिळतो. कमांड सुरू होताना वर जी लांबलचक कॉन्फिगरेशन येते तिच्यात लिबरबरबँड आहे का बघा (स्क्रिप्टमध्ये हाइड_बॅनर असेल तर ते तात्पुरतं काढा, नाहीतर काही दिसणारच नाही). मशीनवर दोन एफएफएमपेग असून पाथमध्ये (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) भलतंच आधी येतंय असंही खूपदा होतं, लिनक्सवर टाइप डॅश ए आणि विंडोजवर व्हेअर लावून खात्री करा. फक्त वेग बदलायचा असेल तर अटेम्पो फिल्टर प्रत्येक बिल्डमध्ये असतो.

सॅम्पल रेट बदलायला एसओएक्सआर ही बाहेरची लायब्ररी मागितल्यावर 'रिसॅम्पलिंग इंजिन अनअव्हेलेबल' येतं, तेही याच जातीचं.

प्रश्न: 5.1 चा आवाज ओपसमध्ये करताना 'इनव्हॅलिड चॅनल लेआउट 5.1(साइड)' येतं.

लिबओपसला (ओपस फॉरमॅटचा एन्कोडर) मागचे स्पीकर असलेला 5.1 चालतो, बाजूचे असलेला चालत नाही. एफॉरमॅट=चॅनल_लेआउट्स=5.1 हा फिल्टर लावा.

प्रश्न: व्हॉल्यूम फिल्टर लावला तर एफएफएमपेग म्हणतं फिल्टरिंग आणि स्ट्रीमकॉपी एकत्र चालत नाही.

डॅश सी कॉपी लिहिलं की ऑडिओसुद्धा कॉपीच होतो, डीकोड होतच नाही, मग फिल्टर लावणार कशावर? व्हिडिओला सी:व्ही कॉपी ठेवा आणि ऑडिओला सी:ए एएसी द्या. व्हिडिओची क्वालिटी तशीच राहते आणि कामही पटकन उरकतं.