‘ला मोम प्याफ’ म्हणजे छोटी चिमणी?

प्रश्न असा आला आहे: फ्रेंच गायिका एडिथ पियाफ हिच्यावर लिहिताना तिच्या ‘ला मोम पियाफ’ या नावाचं मराठी काय करावं? काही जण ‘छोटी चिमणी’ लिहितात, तर काही ‘पॅरिसची गानकोकिळा’. यातलं बरोबर कुठलं?

कोकिळेला आधी उडवून लावू. ‘गानकोकिळा’ म्हटलं की मराठी माणसाला लताबाई आठवतात. शिवाय त्या शब्दात गोडवा आहे, झाडाआड बसून गाणं आहे. या बाईचा आवाज रस्त्यावर कमावलेला. वडील लुई गासिओं रस्त्यावर कसरती करून दाखवायचे. त्यांच्याबरोबर ती लहानपणीच हिंडू लागली आणि पुढे चौकाचौकांत गाऊन पोट भरू लागली. १९३५ साली पॅरिसच्या शाँझेलिझे रस्त्याजवळच्या ‘ल जेर्नीज’ या कॅबरेचा मालक लुई लप्ले याने तिला अशीच रस्त्यावर गाताना ऐकलं आणि कामावर घेतलं. नाव त्यानेच दिलं. जेमतेम पावणेपाच फुटांची, अंगावर साधे कपडे, खायचे वांधे, अशी ती पोरगी पाहून त्याला चिमणी आठवली.

फ्रेंचमध्ये चिमणीला सरळ शब्द आहे ‘मुआनो’. लप्लेने तो का वापरला नाही? प्याफनेच (‘पियाफ’चा हा फ्रेंच उच्चार) पुढे आठवणींत सांगितलंय की ‘ला मोम मुआनो’ या नावाची एक गायिका तेव्हा आधीच होती. म्हणून त्याने चिमणीसाठी पॅरिसच्या गल्लीबोळांत चालणारा बोलीतला शब्द उचलला, तो ‘प्याफ’. नाव घेतलेलं होतं म्हणून झालेली ही तडजोड, पण माझ्या मते मूळ कल्पनेपेक्षा सरस. मुआनो पुस्तकातही सापडतो, प्याफ रस्त्यावरचा.

आता ‘मोम’. मराठी वाचकाला हिंदीतलं मेण आठवेल. चिऊचं घर मेणाचं असलं तरी इथे त्याचा काही संबंध नाही! फ्रेंच बोलीत मोम म्हणजे पोर, कार्टं. ‘ला मोम’ म्हणजे पोरगी. त्यात वय आहे, सलगी आहे, थोडा उनाडपणाही आहे. तिचं पहिलं ध्वनिमुद्रण १९३५च्या अखेरीस झालं, त्यातल्या एका गाण्याचं नाव ‘ले मोम द ला क्लोश’. ‘क्लोश’ म्हणजे एरवी घंटा, पण बोलीत बेघर-भणंगांची दुनिया. म्हणजे त्या दुनियेतल्या पोरी. इथे ‘मोम’चं ‘छोट्या’ करून पाहा, गाण्याचा जीवच जाईल.

‘छोटी’ आली ती इंग्रजीतून. तिकडे ‘लिटल स्पॅरो’ रूढ झालं आणि आपण त्याचंच भाषांतर केलं. पोरीची झाली छोटी. गंमत म्हणजे मराठीत ती छोटी फुकटच जाते, कारण आपली ‘चिमणी’ मुळातच छोटी. पक्षी तर आहेच, पण चिमणा-चिमणी हे विशेषणही आहे: चिमणी पाखरं, चिमणं बाळ. म्हणून माझं मत ‘चिमणी पोर’ला. पक्षी आणि पोर दोन्ही राहतात. बोलीचा खडबडीतपणा मात्र हातातून सुटतो, कारण चिमणीला मराठीत टपोरी शब्द नाही. ‘चिऊ’ चालणार नाही, तो पाळण्याजवळचा शब्द.

आणखी एक गोष्ट लिहिताना सांभाळा. हे नाव तिला आयुष्यभर लावू नका. १९३६च्या एप्रिलमध्ये लप्लेचा खून झाला, संशयाची झळ तिलाही लागली. त्यानंतर गीतकार रेमाँ आसो याने तिला हाताशी धरून घडवलं. १९३७मध्ये ‘आबेसे’ या मोठ्या म्युझिक हॉलच्या रंगमंचावर ती आली तोवर ‘पोर’ गळली होती आणि एदित प्याफ उरली होती. तेव्हा ‘ला व्ही आँ रोज’ किंवा १९६०चं ‘नों, ज न रग्रेत रिएँ’ ‘ला मोम प्याफ’ने गायलं असं लिहिणं कालविसंगत ठरेल. अर्थात लाडाने लोक पुढेही ‘ला मोम’ म्हणत राहिलेच. २००७ साली तिच्यावर चित्रपट आला तो फ्रान्समध्ये ‘ला मोम’ याच नावाने. इंग्रजी मुलखात मात्र त्याचं नाव बदलून ‘ला व्ही आँ रोज’ केलं.

उच्चाराचं विचारलेलं नाही, तरी सांगतो. फ्रेंचमध्ये ‘डिथ’ नाही, ‘दित’ आहे. दंत्य द आणि त आपल्याकडे आयते असताना इंग्रजीच्या दारातून कशाला जायचं? आडनावात एकच स्वर ऐकू येतो, म्हणून ‘पियाफ’पेक्षा ‘प्याफ’ जवळचं. लेखात पहिल्यांदा ‘एदित प्याफ (एडिथ पियाफ)’ असं लिहा, म्हणजे शोधणाऱ्याची अडचण होणार नाही. पुढे नुसतं प्याफ पुरे.