टॉसच्या आधी बोला : वाचकांचे प्रश्न

शाळा सकाळच्या झाल्या, कूलरमध्ये नवी वाळ्याची ताटी बसली आणि संध्याकाळी आयपीएलसाठी टीव्हीसमोर सतरंज्या पडायला लागल्या. या वेळी आलेल्या पत्रांत लहान मुलांच्या घरातल्या मॅचचे प्रश्न जास्त आहेत, म्हणून हे पान त्यांनाच दिलं आहे.

सेलूहून एक आई लिहितात : थोरला नऊ वर्षांचा, बारका सहाचा. साडेसातला मॅच लागते अन् अकरा वाजले तरी दोघं जागचे हलंनात. सकाळी सातची शाळा. टीव्ही बंद केला तर रडारड, नाही केला तर सकाळी उठवता उठवता माझा जीव जातो. यांचे बाबा म्हणतात, दोन महिन्यांचंच तर आहे.

ताई, या वयाच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास झोप लागते. सहाला उठायचं तर नऊला डोळे मिटायला हवेत. आता मॅचचं घड्याळ बघा. सातला टॉस, साडेसातला पहिला चेंडू, आठच्या सुमाराला पॉवरप्लेची सहा षटकं संपतात, पहिला डाव सव्वानऊच्या आसपास. शिवाय प्रत्येक डावात अडीच-अडीच मिनिटांचे दोन टाइमआउट असतात. पहिला सहा ते नऊ षटकांच्या दरम्यान, दुसरा तेरा ते सोळाच्या दरम्यान. बारक्याचा दिवस पहिल्या टाइमआउटला संपवा, थोरल्याचा दुसऱ्याला. बारक्याचं नुकसान होत नाही, कारण पॉवरप्लेत वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक असतात, चेंडू सीमेपार जातो, त्याला हवं ते सगळं त्यातच असतं.

बिघडतं ते 'अजून पाच मिनिटं' म्हटल्यावर. पाच मिनिटं म्हणजे जेमतेम एक षटक, आणि तेवढ्यात कुणीतरी ४८ वर असतोच. मिनिटांत बोलू नका, खेळ जिथं आपसूक थांबतो तिथं थांबवा. आणि हे टॉसच्या आधी ठरलेलं असू द्या. आठव्या षटकात घातलेली अट पोरांना अन्यायच वाटते.

दुसरा घोटाळा बाबांचा. पोरं आत निजलेली आणि बाहेर 'गेलाऽऽ' अशी आरोळी, तर कोण झोपेल? त्यांनी आवाज बंद करून तरी बघावं किंवा मोबाइलवर इयरफोन लावून. हंगामात सत्तरच्या वर सामने असतात, सगळेच बघायचे हे कुणी सांगितलं? शनिवार-रविवारी साडेतीनची मॅच असेल ती अख्खी बघू द्या. त्या वेळी बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन असतं, अंगणात खेळायला पाठवता येत नाहीच. रात्रीचा निकाल सकाळी दाराच्या पाटीवर खडूनं लिहून ठेवा. दप्तर भरून झालं की दहा मिनिटं हायलाइट्स. हा क्रम उलटा झाला तर दप्तर राहतं.

अंबाजोगाईहून एक काका : आम्ही मोबाइलवरनं टीव्हीला जोडून मॅच बघतो. शेजारच्यांकडं आधीच ओरडा होतो, मग आमच्याकडं चेंडू पडतो. नातवाचा सगळा रस जातो. वरून डेटा संपतो ते वेगळंच.

शेजाऱ्यांकडं डिश असणार. तिथंही प्रक्षेपण काही सेकंद मागंच असतं, पण इंटरनेटवर चित्र छोट्या छोट्या तुकड्यांत येतं, ॲप त्यातले काही तुकडे आधी साठवतं आणि मग दाखवतं. त्यानं वीस ते चाळीस सेकंदांचा फरक सहज पडतो. मधे नेट अडकलं की तो आणखी वाढतो आणि आपोआप भरून निघत नाही. अशा वेळी ॲप बंद करून परत उघडा किंवा 'लाइव्ह' लिहिलेलं बटण दाबा, थोडं पुढं जाल. पूर्ण उपाय म्हणजे डिश किंवा केबल. नाहीतर शेजारच्या बाजूची खिडकी लावून घ्या, हा फुकटचा.

डेटाचं साधारण गणित असं: ४८०पी वर तासाला पाऊण जीबीच्या आत, ७२०पी वर दीड, १०८०पी वर तीनच्या आसपास. मॅच पावणेचार तासांची. रोजच्या दोन जीबीत ती ४८०पी वरही पुरती बसत नाही, आणि ॲप 'ऑटो'वर ठेवलं तर डेटा पहिल्या डावातच उडतो. क्वालिटी हातानं ठरवा.

वसमत तालुक्यातून : मॅचच्या टायमालाच लाइट जाते. इन्व्हर्टर आहे, पण पंधराव्या षटकाला बोंब. बॅटरी खराब झाली का?

बॅटरीवर आळ घेण्याआधी कूलर बघा. १२ व्होल्ट १५० एएचच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, हाती हजार ते बाराशे लागतात. ४३ इंची टीव्ही नव्वद वॅट धरा, सेटटॉप बॉक्स पंधरा, छताचा पंखा पंचाहत्तर, एलईडी दिवा नऊ. एकूण १८९. चांगली बॅटरी यावर पाच-सहा तास चालते. कुणी हळूच कूलर लावला की भार दुप्पट, वेळ निम्मी. बॅटरी चार वर्षांची असेल तर त्याच्याही निम्मी. कूलरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढून टाका, म्हणजे वादच नाही. डिस्टिल्ड वॉटरची पातळी उन्हाळ्यात महिन्याला तपासा. बोअरचं पाणी घालू नका, त्यातल्या क्षारांनी प्लेटा खराब होतात.

लाइट गेल्यावर बॉक्स बंद पडून पुन्हा सुरू व्हायला मिनिटभर घेतो आणि नेमकी त्याच मिनिटात विकेट पडते. बऱ्याच इन्व्हर्टरवर 'यूपीएस' असं लिहिलेला खटका असतो. तो त्या बाजूला करा. बदल इतका झटकन होतो की बॉक्सला कळत नाही.

उदगीरहून एक आजोबा : नातू आठ अन् अकरा वर्षांचे. क्रिकेट सोडून काही बघायलेत नाहीत. कबड्डी लावली की म्हणतात, कळत नाही. मी आयुष्यभर कबड्डी पाहिली, पण टीव्हीवरचे नवे नियम मलाच नीट सांगता येईनात.

आजोबा, कबड्डी लहान मुलांसाठी क्रिकेटहून सोयीची आहे. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मधे पाच मिनिटं. तासाभरात विषय संपतो, झोपेची भांडणं नाहीत. नियम सगळे एकदम सांगू नका, प्रत्येक मुलाला एकेक काम द्या.

धाकट्यानं चढाया मोजायच्या. चढाई तीस सेकंदांची. दोन चढाया रिकाम्या गेल्या की त्या संघाची तिसरी 'डू ऑर डाय', गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. धाकट्यानं 'आता तिसरी!' असं ओरडायचं. दोन दिवसांत तो समालोचकाच्या आधी ओरडतो.

थोरल्यानं पकडणारे मोजायचे. मैदानात सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस मिळतो, आणि तोही एक पाय बोनस रेषेपलीकडं टेकताना मागचा पाय हवेत असेल तर. पोरांची चूक इथंच होते. पाय रेषेपार गेला की त्यांना गुण झाला असं वाटतं, मागच्या पायाकडं कुणी बघत नाही. रिप्ले आला की तोच पाय दाखवा. बचावात तीन किंवा त्याहून कमी उरले असताना पकड झाली तर 'सुपर टॅकल', दोन गुण. सगळा संघ बाद झाला की लोण, त्याचे दोन वेगळे. लोण तुमच्या काळचाच आहे, तो तुम्ही समजावा.

खो-खोचं तर आपल्याकडं घरच आहे. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, त्यात भारताचे दोन्ही संघ जिंकले. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, महिलांची प्रियांका इंगळे. टीव्हीवर बघताना पाठलाग करणाऱ्याकडं बघू नका म्हणावं, बसलेल्यांची तोंडं कुठल्या बाजूला आहेत ते बघा. त्यांची तोंडं एकाआड एक उलट दिशेला असतात. पाठलाग करणाऱ्याला माघारी वळता येत नाही, मधली रेघ ओलांडता येत नाही. म्हणून खो कुणाला द्यायचा यातच सगळी अक्कल असते.

आणि धावपटू अविनाश साबळे. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे २८ अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी. पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत तो अकरावा आला. या प्रकारात तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. पोरांना हे आकडे लक्षात राहत नाहीत, पण दाराच्या चौकटीवर खडूनं ९१ सेंटिमीटरवर रेघ मारा. अडथळा एवढा उंच असतो आणि हर्डलसारखा पडत नाही, लाकूड जागचं हलत नाही. अंगणात बारा फुटांची रेघ आखा, पाण्याचा खड्डा तेवढा लांब. तुमच्या आठ वर्षांच्या नातवाच्या जवळजवळ छातीपर्यंत ती खडूची रेघ येईल. मग शर्यत लागली की तो आपण होऊन टीव्हीसमोर बसेल. चौकटीवरनं उड्या मात्र मारू देऊ नका.

तुळजापूरहून एक वडील : पाचवीतल्या मुलाला गणिताचा कंटाळा, पण धावफलक तोंडपाठ. याचा काही उपयोग करता येईल का?

एक शंभर पानी वही घ्या आणि त्याला स्कोअर लिहू द्या. प्रत्येक चेंडूला एक खूण: धाव नसेल तर टिंब, वाइड वेगळा, विकेटला फुली. पहिल्या दिवशी सहाच षटकं. वीस लिहायला लावलीत तर दहाव्याला वही बंद होते.

मग मधेच विचारा: लक्ष्य १७६, १२.३ षटकांत ९८ झाल्यात, दर किती? दहातली नऊ मुलं ९८ ला १२.३ नं भागतात. इथं थांबा, कारण हा टिंब दशांश नाही. १२.३ म्हणजे बारा षटकं आणि तीन चेंडू, एकूण ७५ चेंडू, म्हणजे साडेबारा षटकं. ९८ भागिले १२.५, उत्तर ७.८४. उरल्या ७८ धावा, उरले ४५ चेंडू, म्हणजे साडेसात षटकं. ७८ भागिले ७.५, हवा दर १०.४. त्यानं काढलेला आकडा काही सेकंदांत पडद्यावर तसाच उमटला की त्याचा चेहरा बघा. चुकला तर तुम्ही सांगायची गरज नाही, पडदा सांगतो. सहाच्या पाढ्याला मात्र पळवाट नाही, तो आधी पक्का करून घ्या.

पैठणहून : संघ हरला की सात वर्षांचा मुलगा रिमोट आपटतो, जेवत नाही.

शेवटची तीन षटकं सुरू व्हायच्या आत जेवण उरकून घ्या, भुकेल्या पोटी हार जास्त लागते. रिमोट त्या वेळी मोठ्यांच्या हातात. आपटला तर दुसऱ्या दिवशीची मॅच नाही, एवढंच, भाषण नको. 'खेळच आहे की' म्हणू नका, त्याच्यासाठी तो तेवढाच नाही. आणि घरात अंपायरला, खेळाडूंना शिव्या कोण देतं ते एकदा ऐकून घ्या. मूल तिथूनच शिकतं.

लातूरहून : मधे मधे इलायचीच्या जाहिराती लागतात. मुलगा विचारतो, इलायची खाऊन हे एवढे मोठे झाले का? काय सांगावं?

खरं ते सांगा: नाव गुटख्याच्या पुडीवरचं असतं, त्याची जाहिरात करता येत नाही म्हणून इलायची दाखवतात. आठ वर्षांच्या मुलाला ही चलाखी लगेच कळते आणि पुढच्या वेळी तोच हसतो. मोबाइलवर टीम लावून पैसे जिंकायच्या खेळांबद्दल विचारलं तर २०२५ च्या कायद्यानं ते बंद केलेत हेही सांगा. तरी कुणी लिंक पाठवली तर ती उघडायची नाही.

जालन्याहून एक ताई : मॅच म्हटलं की चिप्सच्या पुड्या. दोन डावांच्या मधे होईल असं काही सांगा.

सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ. दोन डावांमधली सुट्टी साधारण वीस मिनिटांची असते, सुशीला बारा मिनिटांत होते. चिरायचं काम मात्र दुसऱ्या टाइमआउटलाच उरकायचं.

चौघांना २०० ग्रॅम मुरमुरे, दोन कांदे, चार हिरव्या मिरच्या, मूठभर शेंगदाणे, दहा-बारा कढीपत्त्याची पानं, तीन मोठे चमचे तेल, फुटाण्याच्या डाळीचा कूट दोन मोठे चमचे. आधी फोडणीला लागा: तेलात शेंगदाणे तळून बाजूला काढा, मग मोहरी, जिरं, कढीपत्ता, मिरच्या, कांदा. कांदा मऊ झाला की अर्धा चमचा हळद. आता मुरमुरे चाळणीत घेऊन पाण्यात बुडवा, मनात वीसपर्यंत मोजा, लगेच काढा आणि दोन्ही तळव्यांत दाबून पिळा. इथंच सुशीला बिघडते. मुरमुरे आधी भिजवून ठेवले आणि कांदा चिरत बसलं की त्यांचा गिचका होतो. नीट पिळले नाहीत तर कढईत लापशी. पिळलेला मुरमुरा बोटात दाबला तर चेपला पाहिजे, पण त्यातून थेंब पडता कामा नये.

मुरमुरे, मीठ, चिमूटभर साखर, दाण्यांसह डाळीचा कूट घालून हलक्या हातानं हलवा. कूट उरलेलं पाणी शोषतो, म्हणून तो शेवटी. झाकण ठेवून मंद आचेवर तीन मिनिटं. बारक्यांसाठी मिरच्या उभ्या चिरल्या तर वेचून काढता येतात. लिंबू आणि कोथिंबीर ताटल्यांत घातल्यावर. मुरमुरे पिळायचं काम पोरांना द्या, हात धुऊन. तेवढ्या वेळात रिमोटवरनं भांडण होत नाही.