पाणी आडवं पडतं आणि जमीन डोलते

प्रश्न: नमस्कार. मुलगा ऑस्ट्रेलियात पर्थला असतो, त्याच्याकडे गेलो होतो तर तो आम्हा दोघांना वर किंबर्लीला घेऊन गेला. ब्रूमहून सीप्लेन, टॅलबॉट बेमध्ये थेट पाण्यावर उतरायचं आणि रात्री तिथेच बोटीवर झोपायचं. तिथला हॉरिझॉन्टल फॉल्स, म्हणजे आडवा धबधबा, बघितला. दुपारी पाणी एका बाजूला पडत होतं, सकाळी बघतो तर उलट्या बाजूला! इथे सांगितलं तर सगळे हसतात, फोटोत नुसता फेस दिसतो. हा प्रकार काय आहे? आणि दुसरं म्हणजे, येऊन चार दिवस झाले तरी घरात उभा राहिलो की जमीन डोलतेय असं वाटतं. गंमत म्हणजे रायबंदरहून फेरीबोटीत चढलो की एकदम बरं वाटतं, धक्क्यावर उतरलो की परत सुरू. बायको म्हणते नाटकं करतो.
– एक वाचक, चोडण

उत्तर: अहो, चोडणच्या माणसाला हे मी काय सांगू! ओहोटीला खाजनातल्या, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, मानशीवर, त्या पाणी सोडायच्या दारांवर, जाऊन उभे राहा. बाहेर नदी उतरलेली, आत पाणी अजून वर, मग त्या एवढ्याशा दारातून ते कसं धडधडत बाहेर पडतं, जाळं लावणाऱ्याला विचारा. तिथेही तेच, फक्त आपल्या मानशीची दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात म्हणून आपल्याला धार एकाच बाजूची दिसते, तिथे दारंच नाहीत त्यामुळे पाणी भरतीला आत आणि ओहोटीला बाहेर, साधारण सहा-सहा तासांनी दिशा बदलत राहतं. मॅकलार्टी डोंगररांगेत दोन फटी आहेत, रुंद फट वीसेक मीटरची, दुसरी त्याच्या जवळपास निम्मी. आपल्याकडे गोव्यात मुरगावला भरती-ओहोटीत दोनेक मीटरचा फरक पडतो, तिथे उधाणाला तो दहा मीटरपर्यंत जातो, म्हणजे तीन मजली घराएवढं पाणी! एवढं पाणी एवढ्याशा फटीतून वेळेत जाणार कसं, म्हणून अलीकडे-पलीकडे पातळी वेगळी राहते आणि तो उतार तुम्हाला धबधब्यासारखा दिसतो. खरं तर धबधबा नाहीच, नावानेच घोळ घातलाय.

फोटो दाखवू नका, दुपारचा आणि सकाळचा व्हिडिओ एकापाठोपाठ दाखवा, हसणारे गप्प बसतील.

कोणी जायचं म्हणत असेल तर तिथला कोरडा सीझन धरा, साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, आणि कॅलेंडरात तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा जोर बघण्यासारखा पण फटीतून बोट नेता येईलच असं नाही, अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, पाणी मवाळ. तसंही तिथल्या मूळ दांबिमांगारी लोकांच्या मागणीवरून फटीतून बोटी नेणं २०२८ मध्ये बंद करायचं ठरलंय. माझ्या मते बरंच झालं, सीप्लेनच्या खिडकीतून ते जास्त चांगलं कळतं, दोन्ही बाजूंचं पाणी एकदम दिसतं.

आता डोलण्याचं. नाटक नाही हो, याला डॉक्टरी नाव आहे, फ्रेंच, माल द देबार्कमां, म्हणजे बोटीतून उतरल्यावरचा त्रास. बोटीवर मेंदू हलण्याची सवय करून घेतो आणि जमिनीवर आल्यावरही तोल सावरतच बसतो, तुम्ही मात्र स्थिर. फेरीत बरं वाटतं ते म्हणूनच, तिथे खरंच हलत असतं. बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत जातं, काहींचं थोडं रेंगाळतं. झोप पुरी करा, बांधावरून सकाळी पायी फिरा, बरं वाटेपर्यंत स्कूटर नको. महिना उलटला तरी राहिलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, आणि गरगरणं, ऐकू कमी येणं, बोलताना जीभ अडखळणं असं काही असेल तर तेवढंही थांबू नका, त्याच दिवशी जा. वहिनींना हा अंक वाचायला द्या.