डोळे झाकाल, पण कानांचं काय?

न्यू जर्सीहून एका आईचं लांबलचक पत्र आलंय. प्रश्न चार आहेत, पण मी अडकले एकाच वाक्यापाशी. त्या लिहितात, "मंडळाने शिवजयंतीला शाळेचा हॉल घेऊन संभाजीराजांवरचा 'छावा' हा चित्रपट दाखवायचं ठरवलंय. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा तेराचा. शेवट फार भयंकर आहे म्हणतात. पण तसं काही आलं की मी तिचे डोळे झाकीन."

ताई, रागावू नका, पण डोळे झाकायची ही खोड आपल्या सगळ्याच आयांना आहे आणि तिचा उपयोग शून्य. डोळे झाकले तरी किंकाळी ऐकू येतच राहते. मग समोर काय चाललंय ते चित्र मूल स्वतः रंगवतं, आणि ते पडद्यावरच्याहून भडक असतं. आमच्या धाकट्याला एका युद्धपटातलं रक्त कधीच आठवलं नाही. साखळ्यांचा आवाज मात्र महिनाभर आठवत होता.

आधी चित्रपटाबद्दल. लांबी १६१ मिनिटं. भारतात सेन्सॉरने त्याला 'यूए १६+' दिलंय. म्हणजे सोळाच्या आतल्या मुलांना दाखवायचा की नाही, ते पालकांनी ठरवायचं. तुमच्याकडे अमेरिकेत रेटिंग घेणं निर्मात्याच्या मर्जीवर असतं आणि आपले बहुतेक चित्रपट ते न घेताच लागतात. 'नॉट रेटेड' दिसलं म्हणून तो सौम्य ठरत नाही. त्याचा अर्थ एवढाच की कुणी तपासलेला नाही. इंग्लंडमध्ये असतात तर पंधराचं प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटाला आईवडिलांबरोबरही त्याखालच्या मुलाला आत सोडत नाहीत. तिथे निर्णय दारावरचा माणूस घेतो, तुमच्याकडे तो तुमच्यावर येऊन पडतो.

लढाया आहेत, सिंहाशी झुंज आहे. हे सगळं वेगात येतं आणि जातं. जड आहे तो संगमेश्वरला राजे पकडले जातात त्याच्या पुढचा भाग, शेवटचा अर्धा-पाऊण तास. कैद, नखं उपटणं, जखमांवर मीठ, तापलेल्या सळया, जीभ. इथे वेग थांबतो. लढाईत माणूस पडतो आणि कॅमेरा पुढे सरकतो. छळात तो तिथेच खिळून राहतो. लहान मुलांना सोसत नाही ती ही लांबी.

आता आवाज. मी याबद्दल दर दोन महिन्यांनी लिहिते आणि लिहीतच राहणार. थिएटरची यंत्रणा लावताना प्रत्येक मुख्य स्पीकरसाठी ८५ डेसिबलची पातळी धरतात आणि वर २० डेसिबलची मोकळीक ठेवतात. म्हणजे क्षणभराचा कळस १०५ पर्यंत जाऊ शकतो, आणि धडाक्यांच्या सबवूफरचा ११५ पर्यंत. आपलं घरातलं बोलणं साठच्या आसपास असतं. बरेच थिएटरवाले आवाज थोडा उतरवून ठेवतात हे खरं. पण मंडळाच्या हॉलमध्ये कुणी काहीच मोजत नाही. तिथे भाषणाचे दोन मोठे स्पीकर स्टेजच्या दोन टोकांना असतात, संवाद नीट कळत नाहीत म्हणून कुणीतरी आवाज वाढवतं आणि पुढचा तोफेचा बार त्याच वाढलेल्या आवाजात येतो. पोरं कुठे बसलेली असतात? सतरंजीवर, अगदी पुढे, त्या स्पीकरच्या तोंडाशी.

"ती ढोल-ताशाला घाबरत नाही, मग सिनेमाला कशी घाबरेल?" असंही तुम्ही विचारलंय. ढोल दिसतो, वाजवणारा काका ओळखीचा असतो आणि ठेका सुरू झाला की पुढचा ठोका कधी पडणार ते अंगाला कळतं. चित्रपटात आधी मुद्दाम शांतता पसरवतात आणि मग आवाज फुटतो. दचकवतो तो हा फरक.

म्हणून चाचणी अशी करा. चित्रपट नेटफ्लिक्सवर आहे. मुलं झोपल्यावर शेवटची पन्नास मिनिटं लावा आणि पडद्याकडे पाठ करून बसा. हातात फोनचं स्टॉपवॉच. वेदनेचा आवाज सुरू झाला की चालू, थांबला की बंद. सलग किती चालतो ते कागदावर लिहा. माझं घरगुती माप असं: दहाच्या आतल्या मुलाला सलग दोन मिनिटांपेक्षा जास्त नको, तेराच्या मुलाला चालेल पण आधी सांगून. नंतर तोच भाग आवाज पूर्ण बंद करून बघा. आधी पोटात गोळा येत होता तो आता कितीसा येतो, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

तुमच्या मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती फक्त आपल्यासारख्यांच्या घरात होते. पुण्या-साताऱ्याच्या मुलीला ही गोष्ट आधी ठाऊक असते. दिवाळीचा किल्ला झालेला असतो, चौथीचं इतिहासाचं पुस्तक झालेलं असतं. संगमेश्वरला पकडले, तुळापूरला मारले, ११ मार्च १६८९, हे कुणी ना कुणी सांगितलेलं असतं. ती थिएटरात रडते, पण कुणासाठी रडतेय हे तिला माहीत असतं. तुमची मुलगी हिंदी संवाद सबटायटलवर वाचणार, अर्धी ओळ वाचून होईतो ती जाणार. राजांचे सोबती कवी कलश आणि राजांची शेवटची बोलणी तिच्यापर्यंत पोचणारच नाहीत. किंकाळीला मात्र सबटायटल लागत नाही. हाती काय उरलं? एका बांधलेल्या माणसाचा छळ, आणि वर आपण सांगणार, "हे खरंच घडलं हं!" खोटं आहे म्हणून सोडून द्यायची वाटसुद्धा आपणच बंद करतो.

तेव्हा मुलीला हॉलमध्ये नेऊ नका. "सगळ्यांची मुलं जाणार, आमचीच नाही गेली तर लोक काय म्हणतील" असं लिहिलंयत. म्हणू द्या! तिला घरी, दिवसाउजेडी, बैठकीच्या खोलीत दाखवा. टीव्हीच्या किंवा साउंडबारच्या सेटिंगमध्ये 'नाइट मोड' असतो, तो सुरू करा; बारीक आवाज वर येतात, धडाके दबतात. आधी दोन संध्याकाळी गोष्ट तोंडी सांगा, नकाशावर रायगड, बुऱ्हाणपूर, संगमेश्वर दाखवा. चित्रपट संगमेश्वरपाशी थांबवा आणि पुढचं आपल्या शब्दांत, एका वाक्यात सांगा. आमच्याकडे भाचरांना असंच दाखवलं आणि उरलेला भाग त्यांनी पंधरा-सोळाच्या वयात स्वतःहून पाहिला.

मुलाला न्या, त्याची इच्छा असेल तर. मागच्या तिसऱ्या भागात, कडेच्या खुर्चीवर, म्हणजे कुणाचे गुडघे न ओलांडता उठता येईल. "बाहेर जायचं" ही खूण आधी ठरवा, मान हलवण्याइतकी साधी. तेराचा मुलगा मित्रांसमोर तोंडाने सांगणार नाही. नंतर दोन-तीन रात्री झोप उडाली तर घाबरू नका. महिन्यानंतरही दिवा लावूनच झोपत असेल तर मुलांच्या डॉक्टरांशी बोला.

कार्यकर्त्यांनाही दोन गोष्टी सांगा. लहान मुलांच्या सतरंज्या स्पीकरसमोरून हलवा. आणि घरच्या नेटफ्लिक्स खात्यावरून हॉलभर लोकांना चित्रपट दाखवता येत नाही, सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना वेगळा घ्यावा लागतो.

बाकीचे प्रश्न आटोपते घेते. मुलगा वर्गातल्या मुस्लिम मित्राबद्दल काहीबाही बोलायला लागेल ही भीती रास्त आहे. त्याला सांगा की औरंगजेबाचा स्वतःचा मुलगा, शहजादा अकबर, बापाविरुद्ध उठला आणि १६८१ मध्ये संभाजीराजांच्याच आश्रयाला आला. मुघल फौजेत राजपूतही होते आणि मराठेही. तेराच्या मुलाला एवढं पुरतं.

सासूबाई व्हॉट्सअॅपवर त्याच दृश्याच्या क्लिपा पाठवतात, त्याबद्दल त्यांच्याशी भांडू नका. मुलांच्या हाती येणाऱ्या फोनमध्ये व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्ज, मग स्टोरेज अँड डेटा, तिथे व्हिडिओचं आपोआप डाउनलोड बंद करा.

आणि लेझीमच्या तालमीची वेळ मराठी शाळेशी जुळत नाही, हे मंडळाला विचारा, ताई. मला नको.